बाळंतपणानंतर पुन्हा मैदानाकडे
(संस्थेच्या माता-पालक मेळाव्यात एका क्रीडाशिक्षिकेने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या भाषणाचा विषय ‘विद्यार्थी जीवनात खेळाचे महत्त्व’ असा छापला आहे. त्या विषयावर मी याच व्यासपीठावरून इतक्यांदा बोलले आहे, की तुम्हांला तो पाठ झाला असेल. आज मुख्याध्यापिकांची परवानगी घेऊन मी विषय बदलला आहे. बाळंतपणानंतर बाईने व्यायाम आणि खेळ पुन्हा केव्हा आणि कसा सुरू करावा, याविषयी मी बोलणार आहे. विषय ऐकताच मागच्या रांगेतील दोन-तीन गृहस्थ उठू लागलेले दिसतात. कृपया बसा. घरात पाण्याची कळशी कोणी उचलायची हे तुम्हीही ठरवता, तेव्हा हे भाषण निम्मे तुमच्यासाठीच आहे.

हा विषय का निवडला ते सांगते. गेल्या जूनमध्ये आमची एक माजी विद्यार्थिनी मुलीला पाचवीत घालायला आली. ती शाळेत असताना आमच्या खो-खोच्या संघाची शान होती. खांबाजवळ सूर मारून गडी बाद करावा तो तिनेच. मी म्हटले, “डिसेंबरात माजी विद्यार्थिनींचा सामना आहे, तू उतरायचेस.” ती हसली, इकडेतिकडे पाहिले आणि हळूच म्हणाली, “बाई, आता नुसती शिंक आली तरी कपडे बदलावे लागतात. पळायचे कुठले?” तिच्या धाकट्या मुलाला तेव्हा सहा वर्षे झाली होती. सहा वर्षांत तिने हे नवऱ्याला सांगितले नव्हते, आईला नाही, डॉक्टरला तर नाहीच. नमाजला उभे राहायच्या आधी दोन-दोनदा वुजू करते, एवढेच घरच्यांना दिसत होते. त्यांना वाटे, ही फार काटेकोर झाली आहे.

मी तिला लगेच उत्तर देऊ शकले नाही. कारण तिची गोष्ट ती माझी स्वतःचीही होती.

माझे पहिले बाळंतपण झाले तेव्हा मी एका दुसऱ्या शाळेत नोकरीला होते. रजा संपवून कामावर रुजू झाले. क्रीडामहोत्सव तोंडावर आलेला. शिक्षिकांच्या शर्यतीत क्रीडाशिक्षिका धावली नाही तर मुली काय म्हणतील, या अभिमानापायी मी धावले. पन्नास मीटरही झाले नसतील. काय झाले ते तुम्ही ओळखलेच असेल. मी शर्यत पुरी केली, ओढणी सावरली आणि सरळ घरी गेले. त्यानंतर चार वर्षे मी शिट्टी वाजवून मुलींना पळायला लावले, पण स्वतः एकदाही पळाले नाही. कोणी विचारले तर गुडघा दुखतो म्हणून सांगत असे. गुडघ्याला काही झाले नव्हते.

चार वर्षांनी एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे खरोखरच पाठीसाठी गेले आणि त्यांनी आपणहून विचारले म्हणून बोलले. आज तुम्हांला सांगणार आहे त्यातले पुष्कळसे त्यांनीच मला शिकवले.

आधी शरीरात काय होते ते समजून घ्या. पोटात बाळ वाढत असताना मुठीएवढा गर्भाशय वाढत वाढत बरगड्यांपर्यंत येतो. प्रसूतीनंतर तो पुन्हा आपल्या जागी आणि आपल्या आकाराला यायला सुमारे सहा आठवडे लागतात. पोटाच्या पुढच्या बाजूला उभे दोन स्नायूपट्टे असतात. त्यांना जोडणारी मधली पट्टी ताणली जाऊन ते एकमेकांपासून दूर होतात. कित्येकींना पोट सुटल्यासारखे दिसते, त्याचे एक कारण हे असते आणि त्याचा जेवणाशी काही संबंध नसतो. आणि ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. पुढच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत ती ताणून बांधलेली असते आणि मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय हे सगळे तिच्यावर टेकलेले असतात. नऊ महिने तिच्यावर भार असतो आणि प्रसूतीच्या वेळी ती कमालीची ताणली जाते. ही झोळी सैल राहिली की खोकताना, हसताना, उडी मारताना लघवी गळते. फारच सैल झाली तर जुन्या बायका म्हणतात तसे ‘अंग बाहेर येते’.

“माझे सिझेरियन झाले, मला हे लागू नाही,” असे कोणी म्हणेल. देशाच्या २०१९-२१ च्या आरोग्य पाहणीत शंभरातील सुमारे एकवीस प्रसूती शस्त्रक्रियेने झाल्याचे आढळले, तेव्हा इथेही अशा भगिनी पुष्कळ असतील. नऊ महिन्यांचा भार तुम्हांलाही चुकलेला नाही. शिवाय तुमच्या पोटाचे एकाखाली एक असे अनेक थर कापून शिवलेले आहेत. वरचा टाका आठ-दहा दिवसांत सुकतो, म्हणून आतलेही भरले असे समजू नका. आतल्या मजबूत पडद्याला पूर्वीचे बळ यायला कित्येक महिने जातात.

आता आपल्याकडच्या समजुतींकडे वळते. आमच्या नानींच्या मते बाळंतिणीने चाळीस दिवस खाटेवरून खाली पाय ठेवू नये. उलट आजच्या तरुण मुली मोबाइलवर कुठल्या तरी नटीचे छायाचित्र बघतात, बाळ तीन आठवड्यांचे आणि पोट पाटीसारखे सपाट, आणि लगेच त्या मागे लागतात. नानींचे म्हणणे मला त्या छायाचित्रापेक्षा कितीतरी शहाणपणाचे वाटते. चाळीस दिवस बाईच्या हातात आयते ताट येते, बाळाला धरायला माणूस असते, डिंक-अळिवाचे लाडू मिळतात, तिच्याकडून कोणी कामाची अपेक्षा करत नाही, ही आपल्या वडीलधाऱ्यांनी लावलेली फार चांगली शिस्त आहे.

पण पडून राहणे निराळे. बाळंतपणानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका एरवीपेक्षा पुष्कळ जास्त असतो. सिझेरियननंतर तो आणखी वाढतो. ती गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जीवावर बेतते. म्हणून तर दवाखान्यात दुसऱ्या दिवसापासून तुम्हांला उठवून चालवतात. सेरेना विल्यम्सचे नाव विद्यार्थिनींनी ऐकले असेल. १ सप्टेंबर २०१७ रोजी तिला सिझेरियनने मुलगी झाली आणि त्यानंतर तिच्या फुप्फुसात अशीच गुठळी गेली. जगातली अव्वल खेळाडू, पण काही आठवडे तिला अंथरुणावर काढावे लागले. ती वाचली आणि २०१८ च्या जुलैमध्ये विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात खेळली. एकाच पायाला सूज आणि दुखणे, अचानक धाप, छातीत कळ, ताप, किंवा तासाभरात एक पॅड भिजेल असा रक्तस्राव, यांतले काहीही दिसले तर ‘उद्या बघू’ म्हणू नका. त्याच घटकेला दवाखाना गाठा.

आणखी एक गंमत पाहा. गंमत कसली, दुःखच. जी सासू चाळीस दिवस सुनेला अंगणात चालू देत नाही, तीच एक्केचाळिसाव्या दिवशी तिच्या कमरेवर पाण्याचा हंडा देते. पंधरा लिटरचा भरलेला हंडा म्हणजे पंधरा किलोंवर वजन, तेही वाकून, श्वास रोखून उचलायचे. सैल झालेल्या झोळीवर याहून वाईट भार दुसरा नाही. चालणे धोक्याचे आणि हंडा बिनधोक, हा हिशेब आपण केव्हा मांडला? माझे उलट सांगणे आहे. पहिल्या दिवसापासून घरातल्या घरात चालू द्या आणि पहिले दोन-तीन महिने हंडा, धान्याचा डबा, ओल्या कपड्यांची बादली दुसऱ्या कोणाला तरी उचलू द्या. बाळापेक्षा जड काही उचलायचे नाही, एवढा एक नियम सिझेरियन झालेल्या बाईने पहिले सहा आठवडे तरी सांभाळावा. घरातले पुरुष इथे उपयोगी पडू शकतात.

आता प्रत्यक्ष व्यायाम. पहिला व्यायाम तळाच्या त्या झोळीचा. आर्नॉल्ड केगेल नावाच्या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञाने १९४८ साली तो प्रसिद्ध केला, म्हणून त्याला केगेलचा व्यायाम म्हणतात. चारचौघांत बसून वारा सुटू नये म्हणून आपण जे आत आवळून धरतो, आणि त्याच वेळी लघवीची धारही थांबवल्यासारखे जे वर ओढतो, तेच हे स्नायू. मांड्या, कुल्ले, पोट आवळायचे नाही. श्वास रोखायचा नाही. हळूहळू आत-वर ओढा, जमेल तितके सेकंद धरा, सोडा, पूर्ण सोडा. असे आठ वेळा, दिवसातून तीनदा. सुरुवातीला दोन सेकंदही धरता येत नाही. हरकत नाही. लघवी करताना धार तोडून हा व्यायाम करण्याची सवय मात्र लावू नका, त्याने मूत्राशय नीट रिकामा होत नाही. प्रसूतीनंतर लघवीसाठी घातलेली नळी निघाली आणि स्वतःहून लघवी होऊ लागली की हे सुरू करता येते. टाके असले तरी चालते, फक्त हलक्या हाताने घ्या. आणि निदान तीन महिने सोडू नका. इथेच गाडी अडते. बायका आठ दिवस करतात आणि म्हणतात, “बाई, काही फरक नाही.” अहो, दहावीचा अभ्यास तरी आठ दिवसांत होतो का?

मला स्वतःला ते लक्षात राहत नसे. शेवटी मी बाळाला दूध पाजण्याशी सांगड घातली होती, असे म्हणता आले असते तर बरे झाले असते. पण माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. मी हजेरी घेताना करत असे. पहिल्या आठ मुलींची नावे, आठ आकुंचने. वर्गाला आजवर पत्ता नाही. आज लागला.

त्याच्या जोडीला पाठीवर निजून, गुडघे दुमडून, सावकाश पोटात श्वास घेणे आणि सोडताना पोट अलगद आत घेणे. अंथरुणातून उठताना सरळ ताडकन न उठता आधी कुशीवर वळावे आणि हाताचा आधार घेऊन उठावे. नमाज सुरू झाल्यावर सजद्यातून उठतानाही पहिले काही आठवडे हात टेकून, श्वास सोडत उठा. पोट बांधण्याची आपली रीत जुनी आहे. पट्ट्याने कमरेला आधार वाटतो, विशेषतः टाक्यांच्या दिवसांत, तेव्हा तो बांधायला माझी हरकत नाही. पण पट्टा स्नायूचे काम करत नाही आणि फार करकचून बांधला तर वरचा दाब खाली झोळीवरच जातो.

सहा आठवड्यांनी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या. आशाताई बेचाळिसाव्या दिवसापर्यंत घरी येऊन जातात, त्यांनाही विचारा. त्या दिवशी बहुतेक जणी फक्त बाळाच्या लशीचे विचारतात. स्वतःचे विचारा. लघवी गळते का, खाली जड वाटते का, संबंधाच्या वेळी दुखते का, मन सतत उदास असते का. हे शेवटचेही विचारायचे. बाळंतपणानंतरची दीर्घ उदासी हा आजार आहे, ती नशुक्री नव्हे, आणि त्यावर उपचार आहेत.

पोटाचे स्नायू किती दुरावले आहेत ते घरीही बघता येते. उताणे निजा, गुडघे दुमडा, डोके जरासे उचला आणि बेंबीच्या वर-खाली मधोमध बोटे दाबून पाहा. आठ आठवड्यांनंतरही दोन बोटांहून जास्त फट लागली तर फिजिओथेरपिस्टला दाखवा. जिल्हा रुग्णालयात बहुधा हा विभाग असतो. तोवर उताणे निजून एकदम उठून बसण्याचे सिट-अप अजिबात नकोत. पोट जावे म्हणून बायका नेमके तेच आधी सुरू करतात.

धावणे आणि खेळ केव्हा? इंग्लंडमधील फिजिओथेरपिस्टांनी २०१९ साली याविषयी एक मार्गदर्शिका काढली. तिचे म्हणणे असे, की प्रसूतीनंतर बारा आठवड्यांच्या आत धावू नये. बारा आठवडे झाले की धावावेच, असा त्याचा अर्थ नाही. आधी स्वतःची परीक्षा घ्यायची. अर्धा तास भराभर चालता येते का? एका पायावर दहा सेकंद तोल राहतो का? जागच्या जागी मिनिटभर हलके धावता येते का? एका पायावर दहा उड्या, लंगडी घालतो तशा, दोन्ही पायांनी जमतात का? यांत कुठेही लघवी गळली, खाली ओझे लोंबल्यासारखे वाटले, दुखले किंवा थांबलेला रक्तस्राव पुन्हा दिसला, तर अजून वेळ झालेली नाही. त्याआधी तीन महिने हातावर हात ठेवून बसायचे असेही नाही. चालणे वाढवत न्यावे, जिने चढावे, भिंतीला टेकून बैठका माराव्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये बाळंतिणींसाठीही आठवड्याला दीडशे मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगितला आहे, हळूहळू वाढवत त्या आकड्यापर्यंत यायचे.

आणि कबड्डी-खो-खो? त्यात नुसते धावणे नाही. झटका आहे, वळणे आहे, पडणे आहे. गरोदरपणात सांध्यांचे बंध ढिले पडतात आणि पुढे काही महिने तसे राहू शकतात. म्हणून मी माझ्या मुलींना सांगते, आधी सरळ रेषेत धाव, मग वळून धाव, मग सूर मार. चढाई आणि पकड सगळ्यांत शेवटी. कोणाला सहा महिने लागतील, कोणाला वर्ष.

व्यायामाने दूध आटते ही भीती सोडा. मध्यम व्यायामाने दुधाचे प्रमाण कमी होत नाही. पाजून झाल्यावर व्यायामाला निघा, म्हणजे अंगही हलके वाटते आणि बाळही शांत असते. आधार देणारी, नीट मापाची अंतर्वस्त्रे वापरा. पाणी भरपूर प्या. पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत रोज सुमारे सहाशे उष्मांक अधिक लागतात. तेव्हा व्यायाम सुरू केला म्हणून भाकरी कमी करू नका. रमजानच्या दिवसांत पाजणाऱ्या आईला सवलत आहेच. ज्या रोजे ठेवतात त्यांनी जड व्यायाम बाजूला ठेवून इफ्तारनंतर थोडे चालावे, पुरे. आणि लोहाच्या गोळ्या! प्रसूतीनंतर १८० दिवस घ्यायच्या असतात. २०१९-२१ च्या त्याच पाहणीत देशातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभर बायकांपैकी सत्तावन्न रक्तक्षयी आढळल्या. रक्तच नाही तर दम कुठून येणार? गोळ्या फळीवर पडून असतात आणि सून ‘आळशी’ ठरते.

मुलींना खेळाडूंची नावे हवी असतात, म्हणून दोन सांगते. मेरी कोमला ऑगस्ट २००७ मध्ये जुळे मुलगे झाले, शस्त्रक्रियेने. नोव्हेंबर २००८ मध्ये तिने चीनमधील निंगबो येथे जगज्जेतेपद जिंकले आणि २०१२ मध्ये लंडनच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक. सानिया मिर्झाला ऑक्टोबर २०१८ मध्ये मुलगा झाला. ती परतली ती जानेवारी २०२० मध्ये, होबार्टच्या स्पर्धेत, आणि दुहेरीचे विजेतेपद घेऊनच परतली. आता यातले पदक विसरा आणि महिने मोजा. सानियाने जवळजवळ पंधरा महिने घेतले. तिच्यापाशी प्रशिक्षक होते, फिजिओथेरपिस्ट होते, मूल सांभाळायला आई-वडील-बहीण होते, तरी पंधरा महिने. तुमच्यापाशी यांतले काही नसताना तुम्ही तीन आठवड्यांत आरशासमोर उभे राहून का रडता?

माझ्या बाबतीत सुमारे पाच महिन्यांनी फरक पडला. एके सकाळी शाळेच्या मैदानाला पुरी फेरी मारली. मग आणखी एक. पाहणारे कोणी नव्हते, शिपाईमामा तेवढे झाडांना पाणी घालत होते. आणि ती जूनमध्ये भेटलेली मुलगी? तिला मी त्याच फिजिओथेरपिस्ट बाईंकडे पाठवले. डिसेंबरच्या सामन्यात ती उतरली नाही, तिने फक्त गुण लिहिले. घाई करू नकोस असे मीच सांगितले होते. पण परवा ती म्हणाली, “बाई, आता एका वुजूत जुहर आणि असर दोन्ही होतात.” या वाक्याची किंमत इथल्या कित्येक जणींना कळली असेल.

तुमच्याकडून काही चिठ्ठ्या आल्या आहेत. बहुतेकींची उत्तरे बोलण्यात आलीच. ‘दुसऱ्या बाळंतपणात त्रास वाढतो का?’ पहिल्यानंतर स्नायू कमावले नाहीत तर वाढू शकतो, म्हणून मधला काळ वाया घालवू नका. एका चिठ्ठीत विचारले आहे, व्यायाम करूनही गळणे थांबले नाही तर? तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. त्यापुढेही उपाय आहेत, पण बोलल्याशिवाय ते मिळत नाहीत.

शेवटची चिठ्ठी. अक्षर थरथरते आहे, नाव लिहिलेले नाही. ‘मला सात नातवंडे आहेत. आता उपयोग होईल का?’ होईल. हे स्नायू वय विचारत नाहीत, सराव विचारतात. साठीतल्या बायकांनाही गुण येतो. आठ वेळा, दिवसातून तीनदा. पहिले आठ आत्ता, बसल्या जागी करा, शेजारणीला कळणारसुद्धा नाही.